आधी वेलांटी, मग अक्षर

सत्तार सर, किन्हीराजाहून सकाळची गाडी पकडून, शेलूबाजारला उतरून, तिथून दुसरी गाडी धरून मी तुमच्याकडे टायपिंग शिकायला येत होतो, तेव्हा आमच्या घरात कुणालाच टायपिंग म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. आई शेजारणींना सांगायची, "पोरगा मंगरूळले मशीन शिकून राह्यला." शेजारणींना वाटायचं, शिलाई मशीन. आज मी वाशीमला सरकारी कार्यालयात लिपिकाच्या खुर्चीवर बसतो. घरातला पहिला पदवीधर म्हणून गावात माझं नाव घेतात. पण पदवी घेऊन मी दोन वर्षं नुसताच फिरत होतो. त्या पदवीला कामाला लावलं ते तुम्ही. माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर आईवडिलांच्या शेजारी मी तुमचंच नाव घेतो. हे तुम्हाला तोंडावर सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, "बस झालं बे, हात चालव."

तुम्हाला माती देऊन आलो त्याला आठवडा होत आला. रडू आलं ते कब्रस्तानातच येऊन गेलं. आता नुसता थकवा आहे. कार्यालयात संगणकासमोर बसतो, पत्राचा विषय टाइप करतो आणि पुढे हात हलत नाही. साहेबांनी काल विचारलं, "बरं नाही का?" मी म्हटलं, "आमचे टायपिंगचे सर गेले." ते म्हणाले, "अरेरे," आणि फाईल ठेवून गेले. त्यांचंही बरोबर आहे. टायपिंगचे सर हे काय सुट्टी घेण्यासारखं नातं नव्हे.

बसस्टँडसमोर, कटलरीच्या दुकानावरची ती खोली. जिना इतका अरुंद की वरून कुणी येत असेल तर खालच्यानं थांबायचं. आत मशीनची रांग, आणि सगळी मशीन एकदम चालू झाली की खालचा दुकानदार गिऱ्हाइकाशी ओरडून बोलायचा. पहिल्याच दिवशी तुम्ही माझ्या दोन्ही हातांवर एक रुमाल टाकलात. मला वाटलं, नवीन पोराची गंमत करतात.

"खाली पाहू नको."

"पण सर, दिसल्याशिवाय कसं मारू?"

"काहून? बोटायले डोये नसतात काय?"

बाकीची पोरं हसली. मग तुम्ही माझी डावी तर्जनी उचलून एका कळीवर ठेवलीत. "इथं ह्रस्व वेलांटी. इथून हात हलला तरी बोट घरी वापस आलं पायजे. कळ दाबली का बोटाले कळते. डोयाचं काम नाही ते."

मशीनची मराठी वेगळीच होती. कागदावर अक्षर जसं दिसतं, तसं डावीकडून मारत जायचं. ह्रस्व वेलांटी डावीकडे दिसते, म्हणून ती आधी. तोंडाने आपण ती नंतर म्हणतो, पण मशीनला त्याचं काही नाही. रफार शेवटी डोक्यावर. आणि श, ण, घ, भ अशी कितीतरी अक्षरं मशीनवर अख्खी नव्हतीच. आधी अर्धं अक्षर, मग काना, तेव्हा ते पुरं व्हायचं. तुम्ही खिडकीत उभे राहून मोठ्यानं म्हणायचे, "ह्रस्व वेलांटी, अर्धा श, काना, क!" आणि सगळ्या वर्गात एकदम "शिक" उमटायचं. महिनाभरानं मला गाडीतही दुकानांच्या पाट्या तशाच ऐकू यायला लागल्या.

तुमच्या घरची बोली उर्दू, कागदावरची लेखणी उर्दू. पण बोटांत मराठी. एकदा मी सरावाच्या कागदावर स्वतःच्या मनाचं काही मारलं, त्यात "मले" लिहिलं. वर्गातल्या एका शहाण्यानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. तुम्ही कागद काढून घेतलात आणि त्याला म्हणालात, "परीक्षेत मला, घरी मले. दोन्ही साफ उमटले पायजे. याचं मले साफ हाये. तुझं मला पुसट हाये, दाबून मार." त्या दिवसानंतर गावाकडचं बोलतो म्हणून मी कुठं अवघडलो नाही. हे तुम्हाला आठवतही नसेल.

मग नोकरी लागली आणि आपलं भांडण सुरू झालं. ते शेवटपर्यंत मिटलं नाही.

मी टचस्क्रीनचा फोन घेऊन पेढे द्यायला आलो होतो. गाडीत बसल्या बसल्या अंगठ्यांनी अख्खा अर्ज कसा लिहिला, ते तुम्हाला दाखवत होतो. तुम्ही पेढा खाल्लात, फोन हातात घेतलात, काचेवरून बोट फिरवून पाहिलंत.

"हे खाली-वर काहीच होत नाही."

"व्हायची गरजच नाही सर. नुसतं टेकवायचं."

"मंग अक्षर लागलं का नाही, हे कसं समजते?"

"पाहायचं ना."

"तेच म्हनतो मी. दिवसभर त्याच्या तोंडाकडं पाहत राह्य. मशीनच्या तोंडाकडं मी आजलोक पाह्यलं नाही." आणि त्याच दमात मी लिहिलेल्या "मले"चं फोननं "मला" केलेलं तुम्हाला दिसलं. "हे काय? तू मले मारलं, यानं मला काहून केलं?"

"दुरुस्त करतो तो."

"कोनं सांगतलं त्याले? इथं तू अक्षर मारत नाही मिलिंद. तू मांगतो, तो देते. त्याच्या मनात आलं ते देते."

मीही कमी बोललो नाही. माझ्या बायकोनं आयुष्यात कधी पत्र लिहिलं नव्हतं, ती फोनवर माहेरी रोज मराठीत लिहिते. तुमच्या मशीनपुढं ती कधी बसली असती? तिला कुणी बसू दिलं असतं? हा मुद्दा तुम्हाला लागला असावा, कारण तुम्ही फोन माझ्या हातात परत दिलात. मग म्हणालात, "लिव्हू दे. चांगली गोष्ट हाये. पन त्याले टायपिंग म्हनू नको."

पुढे मशीनच्या परीक्षा बंद झाल्या. तुम्ही संगणक आणले, त्यावरही तोच जुना कळफलक बसवून घेतलात, आणि मुलांना तीच वेलांटी, तोच काना शिकवत राहिलात. फोन मात्र बटणांचाच ठेवलात. मी दिवाळीला, ईदला आलो की भांडण जिथं थांबलं होतं तिथून पुढे चालू व्हायचं.

या थंडीत एका अनोळखी नंबरवरून मला संदेश आला. "िमिलंद ये." सुरुवातीलाच ठिपक्यांच्या गोलाला लटकलेली एक वेलांटी. मी कार्यालयात एकटाच हसलो. पहिल्या मि ची वेलांटी म च्या आधी, दुसरी वेलांटी ल च्या आधी, म्हणून फोननं ती म ला चिकटवलेली. असं लिहिणारा माणूस मशीनवरचाच, आणि मला "ये" म्हणणारा मशीनवरचा माणूस एकच. मला वाटलं, सरांनी हार मानली, फोन घेतला. रविवारी चिडवायला म्हणून निघालो.

दार नसीम आपांनी उघडलं. तुमची थोरली मुलगी, उर्दू शाळेत शिकवतात, हे मला माहीत होतं. पण त्या इतक्या वाळलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. दारातच आवाज खाली आणून त्यांनी सांगितलं. लकवा. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तुमच्या मुलानं, आरिफभाईंनी, पुण्याहून येऊन हा फोन घेऊन दिला, डाव्या हातानं तरी काही सांगता येईल म्हणून.

"पर दिमाग नहीं रहा, मिलिंदभाऊ. कुछ भी लिखते. कभी इशारा आया लिखते, कभी घार दिखती."

"घार?"

"हव ना. आरिफकडं पुन्याले न्यायचं नाव काढलं का घारी, घारी. त्या खिडकीले मी चादर लावली. भेव वाटत असन म्हून. डॉक्टरले दाखवलं, ते म्हने, भाषेच्या जागेलेच मार लागला असन. अन् भाजी मांगतात. देल्ली का तोंड फिरवतात. मेथी देल्ली, पालक देल्ली, चवळी देल्ली..."

तुम्ही पलंगावर होता. चादरीमुळे खोलीत अंधार. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि फोन माझ्या दिशेनं सरकवलात. मी पलंगाच्या कडेवर बसून सगळं वरून खाली वाचलं. आधी मलाही ते वेड्यासारखंच दिसलं. मग मी डोळे बाजूला ठेवले आणि बोटांनी वाचायला लागलो, तुम्ही वर्गात म्हणायचे तसं, मोठ्यानं. "अर्धा भ, काना, ज, दीर्घ वेलांटी."

मशीनवर तो काना भ पुरा करण्यात खर्च होतो. फोनवर भ आधीच पुरा असतो, काना जास्तीचा उरतो.

"आपा, सरांना भाजी नको. भजी पाहिजेत."

"काय?"

"अन् हा इशारा नाही. ह्रस्व वेलांटी, अर्धा श, काना, र, काना. शिरा."

आपा खालीच बसल्या. "या अल्ला. मैं तो मौत का इशारा समझ के यासीन की सूरत पढ़ रही थी सिरहाने. अन् याहीले शिरा पायजे होता!" त्या हसत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. तुमच्या तोंडाची एकच बाजू हसली, पण पोट हललं, ते मी पाहिलं.

मग आपांनी विचारलं, "अन् घारी?"

तुम्ही माझ्याकडेच पाहत होता.

"घरी," मी म्हटलं. "सर घरी म्हणतात. पुण्याचं नाव काढलं की."

आपांनी उठून खिडकीची चादर काढली. पलीकडे बसस्टँडवर कुणीतरी गाडीचा हॉर्न दाबून धरला होता.

त्यानंतर मी बहुतेक रविवारी येत गेलो. फोनमध्ये मशीनचा कळफलक मिळतो का, ते शोधलं. एक मिळाला, पण त्याच्या कळी इतक्या बारीक, की तुमच्या एका बोटाखाली तीन अक्षरं यायची. तुम्ही फोन पालथा घालून ठेवलात. मग मी दुसरी बाजू धरली. म्हटलं, "सर, इथं बोलतो तसं लिहायचं. आधी अक्षर, मग वेलांटी. एवढंच तर बदलायचं आहे. तुम्ही किती जणांचे हात बदलले!" तुम्ही बराच वेळ बोट काचेवर फिरवत राहिलात आणि मला दाखवलंत: "िदसते तसे." दिसतं तसं मारायचं. वेलांटी पुन्हा आधीच. हट्ट होता की हाताला दुसरं येतच नव्हतं, हे मी विचारायला हवं होतं का? मी हसून विषय बदलला. एवढं मात्र मला त्या रविवारांत कळलं, की तुम्ही जे म्हणत होता ते टायपिंगच्या वेगाबद्दल नव्हतंच. काच बोटाला काही सांगत नाही, आणि ज्याच्या तोंडाचं बोलणं गेलं त्याला बोटानं तरी कळावं लागतं. आणि मी जे म्हणत होतो तेही खोटं नव्हतं. ती काच नसती तर तुम्ही "घरी" कशावर लिहिलं असतं? उजवा हात गेला तेव्हाच तुमची उर्दूची लेखणी गेली होती.

आरिफभाई आले तेव्हा मला वाटलं, आता सगळं सोपं होईल. झालं उलटंच. त्यांनी ऐकून घेतलं, वडिलांचा हात हातात घेतला, आणि आनंदानं म्हणाले, "मतलब दिमाग़ सलामत है! फिर तो ले जाना ही पड़ेगा. तिथं बोलणं शिकवणारे डॉक्टर आहेत, व्यायाम करून घेणारे आहेत. इथं काय आहे?" तुम्ही "घारी" लिहिलंत. ते आता त्यांना वाचता येत होतं. "अब्बा, घर ही है वो. मेरा घर है," ते म्हणाले. या माणसाच्या प्रेमात काही खोट नव्हती.

तेव्हा तुम्ही फोन माझ्याकडे वळवलात. "तू सांग. जाऊ?"

त्यात वेलांटी नव्हती, अर्धं अक्षर नव्हतं. फोनला आणि मशीनला दोघांनाही सारखंच लिहिता येईल, असं ते वाक्य होतं. खोलीतल्या सगळ्यांनी ते वाचलं. आपा भिंतीकडे पाहू लागल्या. आरिफभाई म्हणाले, "बोल भाई, तुझं ऐकतात ते." घरातल्या माणसांत बसून परक्यानं काय बोलावं? मी म्हटलं, "कळवतो, सर." आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठलो.

वाशीमला येऊन मी पत्र लिहिलं. फोनवर लिहिलं असतं तर तुम्हाला ते काचेवर सरकवत वाचावं लागलं असतं. कार्यालय सुटल्यावर कळफलकावर टाइप केलं, मोठ्या अक्षरांत छापलं आणि पोस्टात टाकलं. आपांनी ते तुम्हाला वाचून दाखवलं, आरिफभाई समोरच होते. आपा सांगतात, ते उठून खिडकीशी गेले आणि म्हणाले, "ईद होऊ दे. मग बघू." आणि तुम्ही कागद आपल्याकडे ओढून घेऊन स्वतः पुन्हा वाचलात. पण मला काहीच लिहिलं नाहीत. पुढच्या रविवारी मी वाट पाहिली, तुम्ही पुन्हा फोनच्याच विषयावर भांडलात, पत्राचं नाव नाही. मीही काढलं नाही. ईदेच्या आधीच तुम्ही गेलात, सकाळी, आपल्याच घरात, आपा चहा आणायला उठल्या तेवढ्यात.

कब्रस्तानातून निघताना आरिफभाईंनी माझा हात धरला. मला वाटलं, आता म्हणतील, पुण्याला नेलं असतं तर अब्बा बोलले असते. त्यांनी नुसता हात धरून ठेवला. तेव्हापासून तो प्रश्न मीच स्वतःला विचारतो आहे. तिथं तुम्ही पुन्हा बोलायला लागला असता का? एखादा शब्द तरी? मला माहीत नाही, आणि आता कुणालाच कळणार नाही. पत्राची प्रत माझ्याकडे आहे. बदलावं असं त्यात काही सापडतं का, म्हणून रोज काढून वाचतो. ते असं आहे.

आदरणीय सत्तार सर,

सलाम आणि जय भीम.

तुम्ही विचारलंत आणि मी उत्तर न देता उठून आलो, याची माफी असावी. आरिफभाई समोर होते. ते म्हणतात त्यातलं एकही वाक्य मला खोडता येत नाही. पुण्यात उपचार चांगले आहेत. तिथं तुमची तब्येत सुधारू शकते. इथं ती सुधारेल, असं मी कोणत्या तोंडानं सांगू?

पण मी गेल्या काही रविवारी तुमच्या घरी एक गोष्ट पाहिली. तहसीलमधला बाबू भेटायला आला, तुमचा फोन हातात घेतला आणि न अडखळता वाचला. कोर्टापुढे अर्ज टाइप करणाऱ्या ताई आल्या, त्यांनीही वाचला. एसटीच्या ऑफिसातले दोघं आले, ते तर वाचता वाचता तुमच्याशी वाद घालायला लागले. कुणालाही काही समजावून सांगावं लागलं नाही. त्या सगळ्यांचे हात तुम्ही बसवलेले आहेत. मंगरूळपीरच्या जवळजवळ प्रत्येक कार्यालयात एक तरी माणूस असा आहे, ज्याला तुमचं लिहिलेलं सरळ वाचता येतं.

पुण्याच्या दवाखान्यात तुम्ही काही लिहाल, तर तिथले लोक चांगले असतील, प्रेमळ असतील, पण ते तुमच्या कागदावर "रुग्ण गोंधळलेला आहे" असं लिहितील. तुम्ही पुन्हा बोलू लागेपर्यंत तुम्हाला तसंच राहावं लागेल. तो काळ किती असेल, हे कुणी सांगत नाही.

तुम्ही इथं राहावं यात माझा स्वार्थ आहे का, हेही मी पाहिलं. आहे. मला रविवारी यायला जागा राहते. तो वजा करूनही माझं उत्तर तेच येतं.

सर, माणसानं बरं व्हावं की समजलं जावं, असं निवडायची वेळ तुमच्यावर यायला नको होती. आली आहे, आणि तुम्ही मला विचारलं आहे. मी चुकत असेन तर ती चूक माझी, आपांची किंवा आरिफभाईंची नाही. हे पत्र त्यांनाही वाचू द्यावं.

जाऊ नका.

तुमचा विद्यार्थी,
मिलिंद